बाबांची झोप

बाबांच्या पावलांवर माझं घड्याळ चालायचं. बाबा, दादा आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहतात आणि मी त्यांच्या अगदी खालच्या घरात. बाबांनी उभा जन्म बेकरीत काढला. अंधारात उठायचं, पीठ मळायचं, भट्टी पेटवायची, लोक जागे व्हायच्या आत पाव दुकानात मांडायचे. पुढे बेकरी विकली, पण सवय कोण विकत घेणार? रोज पहाटे माझ्या डोक्यावर त्यांची फेरी सुरू व्हायची. खोलीतून खिडकीपाशी, खिडकीपासून स्वयंपाकघरात. मी उशीत तोंड खुपसून बोटं मोडायचे.

मग एकाएकी वरचा आवाज बंद झाला. आठवडा गेला, पावलं नाहीत. शिव्या घालायला कुणी उरलं नाही तेव्हा मी वहिनीला गाठलं.

"वहिनी, बाबा बरे आहेत ना गं?"

"अगं, हल्ली छान झोपतात," वहिनी म्हणाली. "मी पोहून परत येते तरी उठलेले नसतात."

वहिनीचं पोहणं हा आमच्या घरातला चमत्कार. बादलीतल्या पाण्यालाही बिचकणारी बाई ही. गुडघा धरला म्हणून डॉक्टरांनी तिला स्विमिंग पूलवर धाडलं, तर पहिला महिनाभर कठडा सोडायला तयार नव्हती. आणि पुढे तर भांडी घासतानासुद्धा गुणगुणायला लागली. लग्न होऊन आल्यापासून तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. दुकानात एखादी वस्तू आवडली तर दोन घेणार, आणि त्यातली बरी मला देणार. तिच्या त्या गुणगुणण्याची दृष्ट काढावीशी वाटायची मला.

त्यात पोहायला शिकवणाऱ्या सरांनी तिला गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात पोहायचं का, म्हणून विचारलं. या काठावरून थेट त्या काठावर. त्यासाठी रोज सकाळी जास्त वेळ पाण्यात घालवावा लागणार होता.

"घरी न विचारता हो म्हणून आले गं," वहिनी मला म्हणाली. चेहरा असा, की कुणाचा तरी खिसा कापून आली असावी. पण डोळे हसत होते.

एके दिवशी भल्या सकाळी माझं दूध नासलं. वरच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असते, म्हणून भांडं घेऊन गेले. वहिनी पोहायला गेलेली. दादा आतल्या खोलीत घोरत होता. माझ्या दादाच्या कानाशी ढोल वाजवला तर तो फार तर कूस बदलेल. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी सहज डोकावले.

बाबा हनुवटीपर्यंत चादर ओढून उताणे पडले होते. डोळे टक्क उघडे. आणि पोटावर दोन्ही हातांनी चादर मळत होते. दाबायची, दुमडायची, पुन्हा दाबायची.

"बाबा?"

"शू!" ते म्हणाले. "झोपलोय मी."

मी कॉटवर बसले ती उठेचना. शेवटी त्यांना सांगावंच लागलं. मागच्या वर्षी बाबांनी गॅसवर चहा ठेवला आणि विसरले. शेजारचा फडका पेटला. तेव्हापासून बाबांनी एकट्याने गॅसला हात लावायचा नाही, असं घरात ठरलेलं. पहाटे त्यांची चाहूल लागली की वहिनी उठून चहा टाकायची, दोघं गप्पा मारत प्यायची. मग हे पोहणं सुरू झालं.

"पहिल्याच दिवशी पिशवी खांद्याला लावून निघाली होती," बाबा हळू आवाजात म्हणाले. "मला स्वयंपाकघराच्या दारात उभा पाहिलं आणि पिशवी काढून ठेवली. चहा केला, माझ्याशी बोलत बसली, गेलीच नाही. म्हटलं, म्हातारा जागा दिसला की ही काही जायची नाही. मग म्हातारा झोपलेलाच बरा."

"आणि रोज असे पडून राहता? पाठीचं काय?"

"पाठीचं काय घेऊन बसलीस? परत येताना ऐकलंयस तिला? जिन्यापासून गाणं सुरू असतं. कुणाला बोलशील तर बघ, चिमणे."

माझ्या बडबडीमुळेच मला घरात चिमणी म्हणतात. माझ्या पोटात काही राहत नाही, हे बाबांना पक्कं ठाऊक आहे. तरी मी तोंडाला कुलूप लावलं. फार कष्टाने लावलं.

ते टिकलं असतंही, पण एका संध्याकाळी वहिनी खाली आली. हातात तिची पोहण्याची पिशवी.

"चिमणे, हे तुला हवं असेल तर घे. टोपी नवीनच आहे."

"म्हणजे?"

"बाबांचं काही खरं नाही गं. किती झोपतात! उठले की पाठ धरून चालतात, चेहरा उतरलेला असतो. घरात माणूस असं खंगत असताना मी पाण्यात मजा मारत बसू? सरांना आजच सांगून आले, तळ्याचं जमणार नाही म्हणून."

हसत हसत सांगत होती. पण टोपी काही हातातून सुटत नव्हती.

मला हसावं की रडावं कळेना. तिचा हात धरला आणि तिला ओढतच वर नेलं. बाबा टेबलाशी बसले होते.

"बाबा, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"चिमणे, गप."

"हिने पोहणं सोडलं. तुमच्या झोपेपायी!"

बाबांचा चेहरा पडला. शाळेत पकडलेल्या पोरासारखं त्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. ऐकताना वहिनीचे डोळे भरून आले, आणि मग ती चिडली. तिला चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मला सांगायचं ना, बाबा!"

"सांगितलं असतं तर गेली असतीस?"

"नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? तुम्ही ओंडक्यासारखं पडून राहायचं आणि मी पोहायचं? असलं पोहणं नकोय मला."

"आणि तुझं पोहणं बंद पाडून मिळालेला चहा माझ्या घशाखाली उतरेल होय?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. तेवढ्यात आतल्या खोलीतून दादा डोळे चोळत बाहेर आला.

"काय झालं? चहा ठेवतंय का कुणी?"

आम्ही तिघांनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. गॅस पेटवता येणारा एक धडधाकट माणूस घरात आहे, हे तोवर आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या तर नाहीच नाही.

सगळं ऐकून दादा खुर्चीत बसला. "मला उठवायचंत की," तो म्हणाला. आवाजात खरंच दुःख होतं. "मला कधी कुणी काही सांगतच नाही."

तेही खरंच होतं म्हणा.

वहिनीने सरांना गाठून पुन्हा नाव घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या डोक्यावर बाबांची पावलं वाजली. त्यांच्या मागून सपाता फरफटवत दादाची. मी मनसोक्त बोटं मोडली आणि आनंदाने रडले. थोड्याच दिवसांत वरून पाव भाजल्याचा वास यायला लागला. दादा गॅसपाशी स्टुलावर पहारा देत पेंगायचा, मग बाबा पिठाच्या हाताने त्याच्या गालावर चापट मारायचे. तो ऑफिसात कानाला पीठ लावून जातो, असं त्याचे सहकारी सांगतात.

तळ्याच्या दिवशी आम्ही तिघं पलीकडच्या काठावर जाऊन थांबलो. बाबांना आदल्या रात्री उत्साहाने झोप आली नव्हती. फडक्यात गरम पाव बांधून आणले होते, आणि वहिनीचा टॉवेल त्यांनी कुणाच्याही हातात दिला नाही. घडीच्या खुर्चीत तो मांडीवर घेऊन बसले. दादा आणि मी पाण्यात हलणाऱ्या पिवळ्या टोप्यांमध्ये आमची टोपी शोधत होतो.

वहिनी शेवटून कितवी आली ते विचारू नका. पण आली. पाण्यातून निथळत, थरथरत, तोंडभर हसत धावत आली आणि बाबांसमोर थबकली. बाबांची मान छातीवर पडली होती.

वहिनीने ओठांवर बोट ठेवलं. "झोपू दे," ती कुजबुजली. आणि दात वाजत असताना तशीच ओली उभी राहिली.

हे घर काही सुधारायचं नाही! मी बाबांच्या हातांकडे पाहिलं. टॉवेलवर ते अगदी शांत पडले होते, एक बोटही हलत नव्हतं. खरीखुरी झोप होती ती. मोडायला माझा जीव होईना. तरी मी त्यांचा खांदा हलवला.

"बाबा, उठा. तुमची सून कुडकुडतेय."

बाबा दचकून उभे राहिले आणि त्यांनी घाईघाईने तिच्या खांद्यांभोवती टॉवेल गुंडाळला.

"जागाच होतो मी," ते म्हणाले.