दोनदा वारलेली गंगाबाई

वल्लरीने जेवणाच्या टेबलावर दोन जुने मृत्युदाखले शेजारी शेजारी ठेवले होते, आणि तिचे सासरे कृष्णकांत चष्मा कपाळावर सरकवून त्यांच्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहत होते. तिचा नवरा अविनाश ताटातल्या भाताला बोटाने उगाच आळे करत बसला होता. करंजाड्याच्या त्या घराच्या खिडक्या बंद होत्या. तळोज्याकडून वारा सुटला की रसायनांचा वास आत शिरे, म्हणून त्या लावूनच घेत. कोंडलेल्या हवेत आमटीची वाफसुद्धा रेंगाळत होती.

"म्हणजे ही कारकुनाची चूक नाही," शेवटी वल्लरी म्हणाली.

"चूक कसली?" कृष्णकांत म्हणाले. "दोन्ही नोंदी खऱ्या आहेत."

घराण्याचा कुलवृत्तान्त छापायचा होता. पनवेल शाखेच्या साऱ्या पिढ्यांची नावे जमवण्याचे काम वल्लरीने आपण होऊन अंगावर घेतले होते. त्यापायी तिने पालिकेच्या जन्ममृत्यू विभागात हेलपाटे घातले, स्मशानातल्या वह्या चाळल्या. जनगणनेच्या छापील खंडांत माणसे नव्हतीच. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, एवढाच हिशेब. जन्माच्या नोंदींत मुलींच्या नावाची जागा बहुधा कोरी, कारण नोंद बारशाआधी व्हायची आणि नाव सांगायला पुन्हा कुणी जायचे नाही. बाई कागदावर पहिल्यांदा नावानिशी उमटायची ती मेल्यावर, आणि तेही नवऱ्याच्या नावाला टेकून. अशाच एका पानावर तिला अविनाशचे पणजोबा दीनानाथ यांची पत्नी गंगाबाई सापडली होती. आणि पुढच्या एका वहीत, बऱ्याच वर्षांनंतर, दीनानाथांची पत्नी गंगाबाई पुन्हा एकदा वारली होती.

"पहिली एकोणीसशे अठराच्या त्या तापाच्या, मानमोडीच्या साथीत गेली," कृष्णकांत सांगू लागले. "दुसरी आणली, तिचंही नाव गंगाच ठेवलं. आपल्या घराची पद्धतच होती ती. गेलेलीचा जीव घुटमळत नाही आणि हाक मारणाऱ्याची जीभ अडखळत नाही."

"दुसरीचं माहेरचं नाव काय होतं?"

"ते आता कोण सांगणार? पेणकडची होती म्हणतात. पापड फार सुरेख लाटायची." ते हसले. "पापड आठवतात लोकांना. तेही काही कमी नाही."

वल्लरी हसली नाही. लग्नाच्या दिवशी, नोंदणी कचेरीतून घरी आल्यावर, याच टेबलावर कृष्णकांतांनी तांदळाचे ताट ठेवले होते आणि अविनाशने अंगठीने त्यात नाव रेखले होते: नीता. हे त्याच्या पहिल्या बायकोचे नाव. ती गेली तेव्हापासून तो कुणाशी धड बोलत नसे, असे वल्लरीने ऐकले होते. एका दिवसाचा विधी, असे स्वतःला बजावून तिने मान डोलावली. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उजळले ते विझवण्याचे धैर्य तिला झाले नाही. मग सासरे तेच म्हणू लागले, शेजारचे म्हणू लागले, कामवाली म्हणू लागली. अविनाश तर झोपेतही तेच म्हणे, इतक्या मायेने, की ओ द्यावी लागे. दयेपोटी तिने अंगात घातलेले ते नाव आता कातडीसारखे चिकटले होते.

"मजकूर आज मुद्रकाकडे जायचाय," म्हणत कृष्णकांतांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "नीता, एकदा नजर टाक गं."

पडद्यावर ओळ होती: अविनाश, पत्नी नीता.

"बाबा, नीताताई गेल्याची तारीख राहिलीय."

"तारीख कशाला? नीता आहे की घरात."

"मी वल्लरी आहे."

"कागदोपत्री असशील. आम्ही कुठं आधार कार्ड बदलायला लावलंय? उगाच एका ओळीच्या दोन ओळी. वाचणारा म्हणेल, काय अपशकुनी घर आहे."

"तिचं मरण पुसलं जाईल आणि माझं जगणं. पुढे कुणी शोधायला बसलं तर नीताही दोनदा वारलेली सापडेल."

कृष्णकांतांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती. गरजही पडत नसे. "अवि, तूच सांग बाबा. एक ओळ की दोन?"

अविनाशने हात धुतले, पुसले आणि तो परत येऊन बसला. "दोन लिहिल्या तर..." एवढेच म्हणाला आणि थांबला. त्या अर्ध्या वाक्यात अडकलेला माणूस वल्लरीला स्पष्ट दिसला. दोन ओळी म्हणजे नीता गेली, हे त्याच्या स्वतःच्या तोंडून. क्षणभर तिला त्याची कीव आली, आणि याच किवेने आपल्याला इथवर आणले, हेही तिला उमगले.

"बाबांना काय छापायचं ते छापू दे," ती हळू म्हणाली. "माझं वेगळं मागणं नाही त्यात. फक्त एकदा, आत्ता, यांच्यासमोर, मला वल्लरी म्हणून हाक मार."

त्याने तिच्याकडे पाहिले. ओठ किंचित विलगले. कृष्णकांतांचे बोट मजकूर पाठवायच्या बटणावर थांबले होते.

"अविनाश, येईल ना तुला?"

त्याने खुर्ची मागे सारली, दाराजवळच्या चपला पायात सरकवल्या आणि मागे न पाहता जिना उतरू लागला.