शेवंतीच्या कुंडीवरचा जांभळा दिवा

मी दिवा बोलतोय. देवापुढचा नव्हे, रस्त्यावरचा नव्हे. घरात ठेवलेल्या झाडांना उन्हाऐवजी उजेड देणारा, लाल-निळ्या मण्यांचा जांभळा एलईडी दिवा. फार मोठ्यानं बोलवत नाही आता. माझे निम्मे मणी विझलेत. पण झालं ते सांगतो.

उचगावात एका इमारतीच्या तळमजल्यावर अनुजा आणि पृथ्वीराज राहतात. तो शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला. गेल्या पावसाळ्यात त्याच्या आईची, बायडाबाईंची, उजवी बाजू लुळी पडली, म्हणून आजऱ्याहून त्यांना इकडं आणलं. त्यांच्यासोबत पिवळ्या शेवंतीची कुंडीही आली. बाहेरच्या खोलीत खाट आणि खाटेशेजारी कुंडी. समोर नवी इमारत उभी राहिल्यामुळं त्या खोलीत ऊन येतच नव्हतं. शेवंती माना टाकू लागली.

बायडाबाई तिच्याकडं बघत पडून राहायच्या. एकदा म्हणाल्या, "ही बी माझ्यासारखीच झाली की गं."

ते अनुजाच्या मनाला लागलं. दुसऱ्याच दिवशी ती शाहबाजच्या दिव्यांच्या दुकानात आली आणि सगळ्यात झगझगीत म्हणून मला घेऊन गेली.

मी पेटलो आणि खोली जांभळी झाली. बायडाबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला. "इझीव ते. ताटातली भाकरी काळी दिसतीया!"

अनुजा परत दुकानात. "भाऊ, झाडाचं पान हिरवं हाय का पिवळं, तेच कळंना झालंय."

शाहबाज हसला. "वहिनी, जोडीला पांढऱ्या दिव्यांची पट्टी लावा की. जांभळा झाडाच्या जोरासाठी, पांढरी तुमच्या डोळ्यांसाठी. कीड लागली तरी दिसंल. पांढरी वरनं सोडा, जांभळा बाजूला. वीतभर लांब ठेवा, न्हाईतर पानं करपतील."

तसं झालं. पांढरी पट्टी आणि मी, दोघांनी मिळून शेवंतीला उभं केलं. नवी पानं फुटली, खोड जाड झालं. बायडाबाई डाव्या हातानं पानं चाचपून बघायच्या. अनुजा खूश होती. आता फूल आलं की मामी बऱ्या होणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. सासूला ती मामी म्हणायची.

पण दसरा गेला, दिवाळी गेली, एक कळी नाही. बाजारात शेवंतीचे ढीग लागलेले आणि घरच्या कुंडीत नुसता पाला. अनुजाला वाटलं, उजेडच कमी पडतोय. आधी निदान मध्यरात्री झोपताना ती आम्हाला विझवायची, आता तेही सोडून दिलं. दिवस नाही, रात्र नाही, आम्ही आपले जळतोय. माझी पाठ तापून वाकडी झाली.

तिचंही तसंच चाललं होतं. सासूला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, डबा, कपडे आणि पुन्हा कुशीवर वळवायचं. पृथ्वीराज म्हणायचा, "मी करू का काय?" ती म्हणायची, "तुमी दमून आलाय, राहू दे." आणि तो राहू द्यायचा. माणसांची ही सवय मला कळली नाही. विचारतात, पण नको म्हटल्यावर करायला थांबत नाहीत.

एका सकाळी स्वयंपाकघरात भांडी पडली. पाठोपाठ अनुजा पडली.

कबनूरहून तिचा भाऊ जोतीराम आला. "अनू, चल. बॅग भर."

"आन् मामींचं कोण करणार, दादा?"

खाटेवरून बायडाबाई कडाडल्या, "जा की! मी काय मरत न्हाय. पोरगं हाय माझं, त्याला हात न्हाईत व्हय?"

पृथ्वीराजनं खाली मान घातली आणि रजा टाकली. पहिले काही दिवस त्याचे फार हाल झाले. अंधार पडला की तो आईला जेवू घालायचा आणि खोलीतलं प्रत्येक बटण बंद करायचा. म्हणायचा, "डोळं दुखत्यात ह्या उजेडानं." कित्येक आठवड्यांनी आम्हाला विझायला मिळालं. आई, मुलगा, शेवंती आणि मी, सगळेच निजलो.

महिन्याभरानं अनुजा परतली. चप्पल काढता काढताच तिला दिसलं, शेंड्याशेंड्यावर कळ्या होत्या. ती हसली नाही. खाटेच्या कडेला बसून रडू लागली.

"एवढी राबले तवा एक कळी न्हाय. आन् मी गेले तर..."

"तू गेलीस म्हणून न्हाय," पृथ्वीराज म्हणाला. "शाहबाजला इचारलं मी. शेवंतीला लांब रात्र लागती. अंधार मिळाल्याबिगार ती कळी धरत न्हाय. आपण आधी मध्यरात्रीपातूर दिवा जाळला, मग तर इझवायचोच न्हाय." दारातली तिची बॅग उचलत तो म्हणाला, "तू काय काय करत हुतीस ते म्हैनाभरात कळलं मला. आता सांजचं सगळं मी बघणार. इचारणार न्हाय."

आता शेवंती फुलली आहे. बायडाबाई अजून खाटेवरच आहेत. फुलानं हात चालू लागत नाही. माझ्या जागी नवा दिवा यायचा आहे आणि मला त्याचं दुःख नाही. एवढंच सांगतो, त्याला सांजेला विझवत चला. जळत ठेवणं म्हणजेच जपणं, असं नसतं.

आत्ता सुट्टीच्या दिवसाची दुपार आहे. पृथ्वीराज ताट घेऊन खोलीत आला तसा बायडाबाईंनी डावा हात वर केला. खाली चटईवर अनुजा गाढ झोपली होती.

"हळू," त्या पुटपुटल्या. "मला भूक न्हाय लागली अजून. निजू दे तिला."