येते म्हणाले होते

मलावीहून परत येऊन मला नऊ दिवस झाले होते आणि मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीत जो तो विचारत होता, "सिस्टर, शेर देखा क्या?" नाही हो पाहिला सिंह! तीन आठवडे नुसते पाय पाहिले. चिघळलेले, सुजलेले. सरकारी इस्पितळातून रिटायर झाल्यावर मी एका संस्थेच्या शिबिराला गेले होते, तिथल्या एका खेड्यात जखमा बांधायला.

त्यातला एक पाय एस्नातचा. बाई माझ्याच वयाची, मधुमेहाची, माझ्याहून हट्टी. पहिल्या दिवशी तिनं माझा हात झिडकारला. मीही तापले, अस्सल मराठीत चार शब्द सुनावले. तर ही बया खो खो हसत सुटली! तेव्हापासून ड्रेसिंग करायचं ते फक्त मीच. फार जीव लावला हो तिनं.

निघायच्या दिवशी तिचा हात हातात घेतला आणि सवयीनं म्हणाले, "येते हं, एस्नात." दारातून निघताना "जाते" म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची, ते अंगात मुरलेलं. इंग्रजीतही तेच म्हणाले. चिकोंडी म्हणून तिथला आरोग्यसेवक होता, त्यानं ते तिच्या भाषेत जसंच्या तसं सांगितलं. ती केवढी खूश झाली! मला वाटलं, निरोप छान झाला.

त्या दिवशी दुपारी चिकोंडीचा फोन आला. एस्नातच्या पायाची बोटं काळी पडलीत. इस्पितळाची गाडी दोनदा येऊन रिकामी गेली, आता तिसऱ्यांदा दारात उभी आहे. ही म्हणते, सिस्टर येतेय, तीच बघेल. "तुम्ही कधी येताय?" त्यानं विचारलं. 

श्यामकांत शेजारीच बसले होते. म्हणाले, "अगं, लवकरच येते म्हणून सांग ना. बिचारीला बरं वाटेल."

"बरं वाटून मरेल ती!" नवऱ्यावर मी इतकी कधी ओरडले नव्हते.

चिकोंडीला म्हटलं, फोन तिच्याजवळ धर, मी बोलते ते शब्दन् शब्द सांग. "एस्नात, मी येणार नाही."

 ती पलीकडे काहीतरी पुटपुटली. चिकोंडी चाचरत म्हणाला, "ती विचारते, मग 'येते' का म्हणालीस?"

आमच्यात असंच म्हणतात, हे ओठांवर आलं होतं. पण त्याचं तिला काय? मला रडू आवरेना. म्हटलं, "चुकलं माझं. गाडीत बस, बाई."

संध्याकाळी चिकोंडीचा पुन्हा फोन आला. एस्नात इस्पितळात पोचली होती. पाय गुडघ्याखालून काढावा लागणार, असं डॉक्टर म्हणाले होते. निघताना मी बांधलेली पट्टी तिनं अकरा दिवस कुणाला सोडू दिली नव्हती. माझा फोन झाल्यावर ती तिनं स्वतःच सोडली, तिथंच टाकली आणि गाडीत जाऊन बसली.