विथ इक्वॅनिमिटी

एस्तेरनं 'इक्वॅनिमिटी' हा शब्द पहिल्यांदा मोठ्यानं म्हटला तेव्हा आमचं घर पूर्वेकडं कललं. ती चपात्या लाटत होती. लाटणं तिच्या हातातून सुटलं, ओट्यावरून खाली पडलं आणि गडगडत जाऊन पूर्वेच्या भिंतीला टेकलं.

"आज कुठला शब्द?" आईनं कॉटवरून विचारलं. कॉटही थोडी सरकली होती.

एस्तेर माझी बायको. मिरजेतल्या एका हॉस्पिटलात ती सिस्टर आहे. तिला आयर्लंडला नोकरीसाठी जायचं होतं आणि त्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. त्यासाठी ती सांगलीला क्लासला जायची. तिथल्या मॅडमचं म्हणणं असं की शब्द नुसता पाठ होऊन उपयोग नाही, तो घरात नांदला पाहिजे. मॅडमचे शब्द खरंच नांदायचे. 'मेटिक्युलस' आला त्या आठवड्यात ताटातला भात शीत शीत करून रांगेत बसायचा. 'कॉपियस' आला तेव्हा नळाचं पाणी थांबेना, आणि आईनं शेजारपाजारच्यांच्याही घागरी भरून दिल्या. शब्द अंगवळणी पडला की घर पूर्ववत व्हायचं. त्यामुळं घर कललं याचं आम्हाला फार काही वाटलं नाही.

मी फरशी बसवायचं काम करतो. मी लेव्हल काढली आणि जमिनीवर ठेवली. काचेतला बुडबुडा पार टोकाला गेला. मग मी ती एस्तेरच्या पायाशी ठेवली. बुडबुडा मधोमध आला आणि तिथंच राहिला. तिच्या पायाखालची फरशी बाकीच्या फरशांसारखीच कललेली होती, मला ते डोळ्यांनी दिसत होतं. पण एस्तेर सरळ उभी होती आणि पिठाचा डबाही तिच्याजवळ निमूट बसला होता.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"डिक्शनरीत समचित्तता लिहिलंय. पण मॅडम म्हणाल्या, त्यावर जाऊ नका. समचित्तता म्हटलं की साधुसंत डोळ्यांपुढं येतात. हे साध्या माणसालाही जमतं. काही घडलं तर आतलं पाणी डुचमळू द्यायचं नाही, एवढंच."

एवढं बोलून ती पुढची चपाती लाटू लागली. लाटणं मी आणून दिलं, येताना भिंतीला धरून.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुजावरभाभी साखर मागायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"तुमचं घर कललंय," त्या म्हणाल्या.

"हो. एस्तेरचा शब्द चाललाय."

"आमच्याकडं गेल्या वर्षी जर्मन झालं. मुलगा गेला तिकडं, पण आमची कपाटं अजून नीट उघडत नाहीत." त्यांनी आत डोकावून एस्तेरकडं पाहिलं. ती उतारावर उभी राहून केस विंचरत होती. "हिचं मात्र बरंय हो," भाभी म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोकडं असं टक लावून मी कधी पाहिलं नव्हतं.

घर रोज थोडं थोडं कलत गेलं. मी कपाट आणि फ्रिज दोरीनं खुंट्यांना बांधले. जेवायला बसलो की माझं ताट निसटायचं आणि मी गुडघ्यानं अडवायचो. एस्तेरच्या वाटीतलं ताक हलायचं नाही.

"हा शब्द सगळ्या घराला यावा लागतो, असं दिसतंय," ती म्हणाली. "तुम्ही वाक्य करून बघा."

मी बारावीपर्यंत शिकलोय. थोडा विचार केला आणि म्हणालो, "आय हॅव इक्वॅनिमिटी."

भिंती करकरल्या. घर आणखी खाली गेलं, आणि माझी वाटी घरंगळत जाऊन पूर्वेच्या भिंतीवर आपटली.

"तसं नाही," एस्तेर म्हणाली. "हा शब्द माझ्याकडं आहे असं सांगण्यात अर्थ नाही. त्याच्याआधी 'विथ' लावायचा. आधी काहीतरी घडतं, आणि माणूस ते विथ इक्वॅनिमिटी घेतो."

"काहीतरी म्हणजे काय?"

"बहुतेक वाईट. चांगलंही चालतं, पण मॅडमची सगळी उदाहरणं वाईटच होती."

"म्हणजे वाईट घडल्याशिवाय हा शब्द वापरताच येत नाही?"

"नाही," ती म्हणाली.

आई ऐकत होती. तिची कॉट आता पूर्वेच्या भिंतीला चिकटली होती आणि ती उशीला धरून बसली होती. "काय तो शब्द? इक्वानमती?" ती म्हणाली. "मती एका जागी ठेवायची, त्यात काय एवढं! शमू, तुझे वडील गेले त्या दिवशी मी आधी अंगण झाडून घेतलं. माणसं येणार होती."

ती हे बोलत असतानाच कॉटचे चारही पाय सरळ झाले. आईनं उशी सोडली, पदर सावरला आणि दाण्याची चटणी मागितली. तिचा उच्चार चुकीचा होता. तरी एस्तेर तिच्याकडं मॅडमकडं बघावं तशी बघत होती.

आता घरात मी एकटाच कललेला होतो.

त्या शनिवारी एस्तेर डबा विसरली म्हणून मी हॉस्पिटलात गेलो. वॉर्डही कललेला होता. सगळ्या खाटा सरकून एका बाजूला आल्या होत्या आणि पेशंट खाटांच्या दांड्या धरून पडले होते. कुणाची तक्रार नव्हती. मी दाराची चौकट धरून उभा राहिलो. एस्तेर एका म्हातारीच्या खाटेजवळ होती. म्हातारीचा मुलगा औषधं घेऊन वर आला, आणि आईचा चेहरा बघून तिथूनच घसरायला लागला. औषधांच्या बाटल्या त्याच्या पुढं धावत होत्या.

एस्तेरनं त्याला अडवायला हात पुढं केला नाही. ती नुसती त्याच्या वाटेत उभी राहिली. तो तिच्यापाशी येऊन थांबला.

"तुमची आई गेली," ती म्हणाली. "आत्ताच. मी इथंच होते. त्यांना त्रास झाला नाही."

तिनं ते लांबण न लावता सांगितलं आणि त्याच्यासाठी स्टूल ओढलं. स्टूल सरळ उभं राहिलं. तो बसला. त्याच्या पायाखालची जमीन सपाट झालेली मला दिसली, आणि तो हमसून हमसून रडायला लागला तरी ती सपाटच राहिली. मग एस्तेरनं म्हातारीच्या हातातली सलाइनची सुई काढली, तिथं कापूस दाबून धरला आणि हात चादरीखाली ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. बोटं मात्र एकदाही थरथरली नाहीत.

इतका अवघड शब्द इतका सोपा करून दाखवलेला मी पाहिला नव्हता. डबा बाकावर ठेवून मी भिंतीच्या आधारानं परत आलो.

संध्याकाळी मी म्हणालो, "तू रडत होतीस."

"हो. या शब्दात रडायला बंदी नाही."

"मला वाटलं होतं, असते."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मॅडम म्हणाल्या, परीक्षेत मुलं तिथंच चुकतात."

ती चुकली नाही. ती पास झाली, मग मुलाखत झाली, मग तिकीट आलं. तिकीट आलं त्या दिवशी घर इतकं कललं की पश्चिमेचं दार डोक्यावर गेलं आणि पूर्वेच्या भिंतीची जवळजवळ जमीन झाली. भिंत आणि फरशी मिळतात त्या खाचेत मी झोपायला लागलो. फरशी रोज आणखी उभी होत होती, कुशीवर वळलं की नाक फरशीला लागायचं. कामावर जावं तर तिथंही तेच. सांगलीच्या विश्रामबागेत एका बंगल्यात मी नवी फरशी बसवली. मालक तिच्यावर आरामात येरझारा घालत होता आणि मी कोपऱ्यात सिमेंटच्या पोत्याला मिठी मारून बसलो होतो.

"एवढी चांगली फरशी बसवलीस, आणि चालत का नाहीस?" त्यानं विचारलं.

"बायको चाललीये," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला, आणि त्यानं मला चहा आणून दिला. बशीतला सगळा चहा माझ्या शर्टावर आला.

जायचा दिवस उजाडला. आईनं एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मला ती खाली ऐकू आली, कारण उजाडताच घर पूर्ण उभं राहिलं होतं. आता ते विहिरीसारखं झालं होतं. वर, खूप वर, दाराचा चौकोन होता आणि त्यात सकाळचं आभाळ. मी स्वयंपाकघराच्या खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून लोंबकळत होतो. खाली पूर्वेची भिंत राहिलीच नव्हती, नुसता अंधार होता. आई कॉटवर बसून शेंगा सोलत होती, कॉट उभ्या फरशीवर आडवी चिकटल्यासारखी होती आणि टरफलं तिच्या मांडीतच पडत होती.

एस्तेर बॅग घेऊन निघाली. फरशी आता भिंतीसारखी उभी होती आणि ती तिच्यावरून चालत दाराकडं गेली. मीच बसवलेल्या फरशा, एकामागून एक, तिच्या पायाखाली आडव्या असल्यासारख्या. बॅगची चाकं शांतपणे फिरत होती. मी मान वर करून बघत राहिलो. भीती वाटत होती, आणि तरी असं वाटत होतं की आख्ख्या मिरजेला हाका मारून बोलवावं, ही बघा, ही माझी बायको.

दाराशी ती वळली. बाहेर रिक्षानं हॉर्न दिला.

"अहो," ती म्हणाली, "वाक्य करा. आता घडलंय काहीतरी."

तिचे डोळे भरून आले होते. बॅगच्या मुठीवर तिचा हात स्थिर होता.

"माय वाइफ," मी म्हणालो.

"हं."

"माय वाइफ वेंट टु आयर्लंड."

"पुढं?"

"अँड आय टुक इट..."

घर थांबलं. करकर बंद झाली. आईनं शेंगा सोलायचं थांबवलं. माझ्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि खाली गेली, पण ती पडल्याचा आवाज आला नाही. एस्तेर दारात उभी होती आणि तिच्या मागं रस्ता दिसत होता, रिक्षा दिसत होती, समोरच्या बंगल्याची लांबलचक भिंत दिसत होती, सगळं अगदी सपाट.

मी 'विथ' म्हणालो आणि गज सोडला.