बिनकाचेचा मांजा

मी फिरकी बोलतेय. अंधेरीला, चकाल्यातल्या एका तिमजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून बसलेय. संक्रांतीचं ऊन आहे, वारा झकास आहे, त्यामुळे बोलायला हुरूप आलाय. लोक एकमेकांची फिरकी घेतात म्हणे. मी कुणाची घेत नाही. जे घडलं तेच सांगते.

माझा जन्म डोंगरीतल्या एका पतंगवाल्याकडे झाला. बांबूच्या कामट्या, दोन लाकडी चकत्या आणि धरायला आरपार दांडी, एवढंच माझं शरीर. मांजा गुंडाळला की पोट भरलं, पतंग वर गेला की रिकामं. माणसांसारखं साठवून ठेवायची मला सवय नाही.

लालबागच्या भीमराजने मला घेतलं ते बहिणीसाठी. सुलक्षणाचं नुकतंच लग्न झालं होतं. पहिल्या संक्रांतीला माहेरून काळी साडी आणि हलव्याचे दागिने गेले, त्याच पिशवीच्या तळाशी मी होते. चार भावांत वाढलेली ही मुलगी, पतंगाचं भारी वेड. खाली हळदीकुंकवाच्या बायका जमल्या आणि नवी सून हलव्याचा हार घालून गच्चीवर! मला धरायला नवरा, दशरथ. समोरच्या गावठाणातला डेनिस कारखान्यात फिटर होता, पण पतंगात सगळ्या चकाल्याचा दादा. त्याचाच पतंग तिने पहिल्या दिवशी कापला. घामाने हलवा विरघळून साडीला चिकटला, साडीला मुंग्या लागल्या, आणि सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे दर संक्रांतीला हेच. गिरण्यांचा संप झाला, दशरथची नोकरी गेली, दुसरी लागली. गच्च्यांवर टीव्हीचे अँटेना उगवले आणि त्यांनी कितीतरी पतंग गिळले. पण ती उडवणार आणि दशरथ मला धरणार, यात बदल नाही. तिची पद्धत खेचीची. दुसऱ्याच्या दोऱ्यावर आपला दोरा टाकायचा आणि सपासप ओढायचा. डेनिस कधी कापायचा, कधी कापून घ्यायचा, आणि संध्याकाळी बायकोला, आयडाला घेऊन तिळगूळ खायला यायचा.

मग एका वर्षी तिच्या हाताला छातीत गाठ लागली. परळच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं. उजव्या बाजूची छाती काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. औषधांनी केस गेले. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरांनी बजावलं होतं की या हाताला साधा ओरखडाही चालणार नाही, सूज चढली तर उतरायची नाही. मी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली राहिले आणि एक संक्रांत तशीच गेली.

तेव्हा माणसांची एक गंमत पाहिली. आजार मोठा झाला की त्यांचा आवाज लहान होतो. शेजारणी पेज घेऊन यायच्या आणि बाळ झोपलेल्या घरात बोलावं तसं बोलायच्या. कॅन्सर हा शब्द तर कुणी उच्चारायचं नाही, नुसतं ‘ते’ म्हणायचे. एरवी नळावर तिच्याशी कचाकचा भांडणाऱ्या बाया आता तिला आधी पाणी भरू द्यायच्या. सुलक्षणाला त्याचाच जास्त राग यायचा.

तिला एक व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं कोळ्यासारखी भिंतीवरून वर चढवायची. माझ्या खालचीच भिंत तिने धरली. रोज चढायची, दात आवळून, कधी रडून. मला तर खिळ्यावरून खाली उडी मारावीशी वाटे. शेवटी एका सकाळी तिची बोटं माझ्या चकतीला लागली. तिने मला गर्रकन फिरवलं आणि नवऱ्याला सांगून टाकलं, यंदा मी पतंग उडवणार.

दशरथला नाही म्हणवेना आणि हो म्हणायची हिंमत होईना. त्याने मला उचललं आणि डेनिसच्या अंगणात गेला. तिथे दोन खांबांमध्ये दोरा ताणून, त्याला काचेची पूड फासून मांजा करायचं काम चालू होतं. दशरथने डेनिसला बाजूला घेतलं. हिच्या मांजात काच नको, नुसता गुलाबी रंग लाव म्हणाला, आणि हिचा पतंग कुणी कापायचा नाही. डेनिसने मान खाजवली, पण कबूल झाला. बाकीच्या गच्च्यांवरही आपणच सांगून ठेवतो म्हणाला. असा नुसता रंगवलेला दोरा पोटात घेऊन मी घरी आले. माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर तिथेच सांगितलं असतं की बाबांनो, ही बाई तुम्हाला ओळखत नाही का?

आज सकाळी पतंग चढला. काही वेळाने डेनिसच्या पतंगाशी पेच लागला आणि दोरा टेकतो न टेकतो तोच डेनिसचा पतंग गेला. मग कोपऱ्यावरच्या गच्चीचा गेला. मग आणखी एक. दशरथ टाळ्या पिटत होता. सुलक्षणा आधी हसली. मग तिने दोरा चिमटीत धरून बोटं फिरवली.

“अहो, याला काच कुठाय?”

दशरथ पाण्याच्या टाकीकडे बघायला लागला.

“बिनकाचेच्या दोऱ्याने मी डेनिसचा पतंग कापला?”

“तुझो हात कापलो तर मी काय करू गो?” दशरथ म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडून मालवणीच येते.

ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिने नुसता त्याच्या हातावर हात ठेवला.

“माझा हात मी सांभाळीन. पण दीड वर्ष झालं, सगळे माझ्याशी हळू बोलतात, मी म्हणेन त्याला हो म्हणतात. मी अजून आहे ना इथे? मग निदान आभाळात तरी माझ्याशी नीट भांडा.”

दशरथ तडक खाली गेला. डेनिस खरा मांजा आणि कारखान्यातला चामडी हातमोजा घेऊन वर आला, मान खाली घालून. पतंग उतरवून त्याने मला रिकामं केलं आणि पुन्हा भरलं. दशरथने तिच्या उजव्या हातात मोजा चढवला, डाव्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळली. डेनिस निघताना ती एवढंच म्हणाली, “आता पतंग मुद्दाम सोडलास ना, तर गाठ माझ्याशी आहे.”

पेच लागला. मोजा घालून खेच जमणार नव्हती, म्हणून तिने ढील दिली, म्हणजे ओढायचं नाही, दोरा सोडत जायचा. ही तिची पद्धत नव्हे, पण काय सफाईने सोडला! मी दशरथच्या हातात भन्नाट फिरत होते. डेनिस जीव खाऊन खेचत होता. पतंग गावठाणातल्या चर्चच्याही पलीकडे गेले आणि एकदम माझ्या पोटातला ताण सुटला. तिचा पिवळा पतंग डुलत डुलत निघून गेला.

सगळ्या गच्च्या चिडीचूप. समोर डेनिस चोरासारखा उभा. सुलक्षणा कठड्याशी गेली.

“डेनिस, ओरड ना रे! कापलास ना माझा?”

डेनिस दोन्ही हात वर करून ओरडला, “कापलाऽऽ रे!” आयडाने थाळी बडवली. मग एकेक गच्ची ओरडायला लागली. सुलक्षणा हसता हसता कठड्यावर वाकली, ऑपरेशनचा व्रण ओढला जातो म्हणून तिने ती बाजू दाबून धरली, तरी हसणं थांबेना. डोळे पुसून दशरथला म्हणाली, दुसरा लावा.

तो दुसरा पतंग ती आत्ता बांधतेय, तेवढ्या वेळात मी हे सांगून घेतलं. पुढच्या महिन्यात तिची तपासणी आहे. काय निघेल ते तिला ठाऊक नाही, मलाही नाही, आणि मला त्याची भीती वाटते. पण आज वारा आहे आणि पोटात मांजा पुष्कळ उरलाय. तुम्ही आसपासच्या कुठल्या गच्चीवर असाल तर एवढंच मागणं आहे. तिचा पतंग वर आला की आपला बाजूला घेऊ नका. पेच लावा, जीव खाऊन खेचा. आणि कापलात, तर तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडा.