सिस्टरची कुजबूज

“पुढचा प्रश्न,” शाळेच्या दवाखान्यातल्या सिस्टरने वाचलं, “पाळी येणं हा आजार आहे. बरोबर, चूक, की माहीत नाही? एकावरच खूण करा. शेजारच्या कागदात डोकावू नका.”

पाचवीच्या वर्गात खसखस पिकली. मुलं एकमेकांना कोपरांनी ढोसू लागली, मुलींनी माना खाली घातल्या. मागच्या बाकावर पाहणीवाल्या मॅडम बसल्या होत्या. त्यांचा नियम साधा होता: प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, वर एक शब्द बोलायचा नाही. मुलांना आज काय ठाऊक आहे ते आधी मोजायचं, मग वर्षभर शरीराविषयीचे धडे द्यायचे, आणि पुन्हा मोजायचं. सिस्टरला नियम पटला होता. हे धडे शाळेत यावेत म्हणून तिने हेडमास्तरांच्या नाकी नऊ आणले होते. तिच्या निवृत्तीच्या तोंडावर आता कुठे त्यांनी मान डोलावली होती.

खिडकीजवळच्या मुलीने बसल्या बसल्याच विचारलं, “सिस्टर, याने माणूस मरतं का?”

“माहीत नसेल तर ‘माहीत नाही’वर खूण कर, बाळा.”

मुलीचे डोळे भरून आले. एवढ्या उकाड्यात तिने कमरेला स्वेटर गुंडाळला होता, अगदी घट्ट. सिस्टरच्या लगेच लक्षात आलं.

या वयात तीही अशीच मरायला निघाली होती. परकर लपवून ती न्हाणीघरात दार लावून बसली होती, आणि आपल्या मागे रंगीत खडू कुणाला द्यायचे याचा विचार करत होती. दार वाजवून वाजवून आत्या आत आली. आत्याच्या जिभेला सगळी गल्ली टरकून असायची. सगळा प्रकार कळल्यावर ती आधी खोकला येईस्तोवर हसली. “मरतेस कसली गं वेडे! शंभर वर्षं आम्हाला छळशील.” मग तिने गरम पाणी काढलं, वेणी सोडली आणि केस विंचरता विंचरता सगळं नीट सांगितलं. आईने पुढे जन्मभर त्यातलं अक्षर काढलं नाही. आत्या जाऊन जमाना झाला, तरी त्या न्हाणीघरातली ऊब आठवली की सिस्टरला अजून बरं वाटायचं.

ती खिडकीपाशी गेली आणि मुलीच्या कानाशी वाकली. पण लसीच्या दिवशी रडणाऱ्या पोरांवर आवाज चढवण्यात जिचा जन्म गेला, तिची कुजबूज ती केवढी असणार!

“अगं, आजार नाही हा. मोठं होताना सगळ्याच मुलींना होतं. कुणी मरत नाही.”

भिंतीपर्यंत ऐकू गेलं. लगेच वर्गभर खोडरबरं बाहेर आली. मुलगेसुद्धा मन लावून ‘बरोबर’ खोडायला लागले.

कागद गोळा झाल्यावर मॅडम व्हरांड्यात आल्या. “अहो सिस्टर, काय केलंत हे! आता यांचं मोजून काय उपयोग? पाच मिनिटं धीर धरायचा. नंतर सांगता आलं असतं की.”

“खरंय तुमचं. पण ती तिथे मरत होती हो.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “मला दुसरी शाळा घ्यावी लागेल. धडेही तिकडेच होतील. माझा इलाज नाही.”

“घ्या,” सिस्टर म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. हेडमास्तर आता पुन्हा ऐकणार नाहीत, आणि त्यांच्या मागे लागायला ती तरी कुठे असणार होती!

मधल्या सुट्टीत ती मुलगी सिस्टरच्या खोलीत आली. सिस्टरने तिला पॅड दिलं, ते कसं वापरायचं ते सांगितलं. मुलगी तोंड धुऊन आली, तरी दारातच घुटमळत राहिली.

“सिस्टर, मी खेळायला जाऊ?”

“जा की. कोण अडवतंय तुला?”

मुलगी धूम पळाली. सिस्टरला मात्र लहानपणी त्या न्हाणीघरात आत्याला हे विचारायचंच सुचलं नव्हतं. कुणी नको म्हटलं नव्हतं, तरी त्या दिवसापासून ती पायरीवर बसून इतरांचा खेळ बघायला लागली होती. सिस्टर दारात येऊन उभी राहिली. मैदानावर त्या मुलीवरच राज्य आलं होतं, आणि ती आरडाओरडा करत सगळ्यांच्या मागे धावत होती.