हॉलची किल्ली

पंच्याहत्तर साल. सिक्लोनची, म्हणजे चक्रीवादळाची, तिसरी वॉर्निंग लागली, आणि मॉरिशसच्या ग्रां बुआ गावात कुंतीच्या दारात एक परका तरुण येऊन म्हणाला, "आई, देवळाच्या हॉलची किल्ली कुणाला देऊ नकोस. आज स्लॅब कोसळणार आहे."

कुंतीचं डोकंच फिरलं. हा कोण टिकोजीराव तिला आई म्हणणारा? हॉल तिच्या नवऱ्यानं, बाबूरावानं, उभा केलेला. तो मराठी मंडळाचा अध्यक्ष, म्हणून किल्ली त्याच्या घरी. पत्र्याच्या घरांतले सगळे आज तिथंच आसरा घेणार होते. मंडळाची निवडणूक हरलेल्या जयरामच्या गटानं मात्र एकच पालुपद लावलेलं, स्लॅब कच्ची आहे म्हणून.

"जयरामनं पाठवलंय ना तुला?"

"नाही. मी नव्व्याण्णव सालातून आलोय. मी तुझा मुलगा."

शनिवारी रेडिओवर काळातून फिरणाऱ्या माणसाची मालिका लागायची, कुंतीची लेक बसंती ती जीव लावून ऐकायची. या लबाडानंही तीच ऐकलेली दिसत होती. शिवाय बाहेर पाऊस धो धो आणि याचे बूट कोरडे! जयरामच्या मोटारीतून उतरला असणार मेला.

"मला एकच लेक आहे," ती फणकारली. "दुसरं मूल आम्हांला नकोय."

"ठाऊक आहे. पण आज हॉलमध्ये स्लॅबखाली बसंती गेली. मग घर तुम्हांला खायला उठलं, म्हणून मी झालो."

"आणि ती वाचली तर?"

"तर माझी गरज पडणार नाही."

तरीही तिचा विश्वास बसेना. गोड बोलून गळा कापणारे तिनं मंडळात थोडे का पाहिले होते? तेवढ्यात बाबूराव भिजत आला. "किल्ली आण लवकर, लोक पावसात उभे आहेत."

ती किल्ली घ्यायला वळली. तो तरुण आतल्या खोलीत बघत होता. आत बसंती बाहुलीची वेणी घालत होती. हार घातलेला फोटो अचानक हसल्यावर बघावं, तसा तो तिच्याकडे बघत होता. असं बघायला कुणाला शिकवता येत नाही, जयरामलाही नाही.

कुंती परसात गेली आणि तिनं किल्ली विहिरीत टाकली.

बाबूराव नको नको ते बोलला. कुलूप तोडायला पहार शोधेपर्यंत वारा वाढला आणि लोक शिव्या घालत दगडी शाळेकडे पळाले. कुंतीही बसंतीला पोटाशी धरून निघाली, तेव्हा दारात कुणीच नव्हतं.

अंधार पडता पडता हॉलची स्लॅब खाली आली. आवाज शाळेपर्यंत पोचला. बाबूराव भिंतीला टेकून मटकन बसला. ज्या बायका मघाशी तिला नावं ठेवत होत्या, त्या तिचे हात धरून रडायला लागल्या. कुंती मात्र गर्दीतून वाट काढत एकेका तरुणाचं तोंड निरखत होती.

"कुणाला शोधतेस?" बाबूरावानं विचारलं. "हाक मार, असेल तर येईल."

तिनं तोंड उघडलं. पण हाक कशी मारणार? पोराला तिनं साधं नावही विचारलं नव्हतं.